औषधांच्या कपाटाची किल्ली सासूबाईंकडे द्या

वाचकाचं पत्र :

ताई, आम्ही भांडुपला वन बीएचकेमध्ये सहाजण राहतो. मी, नवरा, अडीच वर्षांची मुलगी, सासू-सासरे आणि कॉलेजला जाणारा दीर. सासूबाईंना शुगर आहे. सकाळी गोळी, रात्री इन्सुलिन. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यांच्या दिवसाला सात-आठ गोळ्या. औषधं थोडी फ्रीजवरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात, थोडी सासऱ्यांच्या उशाशी, थोडी स्वयंपाकघराच्या खिडकीत. गेल्या आठवड्यात मुलीच्या हातात सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्यांची स्ट्रिप दिसली. दोन गोळ्या कमी होत्या. सासूबाई तिला मीठपाणी पाजायला निघाल्या, मी अडवलं, त्यावरून घरात आरडाओरडा झाला. तासाभराने दोन्ही गोळ्या दिवाणाखाली सापडल्या. मी म्हटलं, सगळी औषधं कुलपात ठेवू. तर सासरे म्हणतात, रात्री छातीत दुखलं तर मी किल्ली शोधत बसू का? सासूबाई म्हणतात, आम्ही तीन पोरं वाढवली, कधी काही झालं नाही. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. औषधं ठेवायची कुठे आणि या दोघांना सांगायचं कसं? पुढच्या महिन्यात गणपतीला गावी जायचंय. तिथे तर घरभर पोरं असतात.
एक वाचक, भांडुप

उत्तर :

आधी मीठपाण्याचं बोलते. तुम्ही अडवलंत ते चांगलं केलंत. लहान मुलाच्या पोटात जास्त मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून फिट येऊ शकते, आणि जबरदस्तीने काढलेली उलटी श्वासनलिकेत गेली तर ते दुसरंच संकट. बोट घालून ओकवणंही नको. सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या पिढीला हेच शिकवलं गेलं होतं. तेव्हा हा मुद्दा त्यांच्या चुकीचा म्हणून पुन्हा काढू नका. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांमध्ये किती फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता त्या गोळ्या. शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर एखाद्या गोळीने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीची गोळी असेल तर एवढ्याशा मुलाला एकच गोळीही जड जाऊ शकते. साखर इतकी उतरते की मूल सुस्त पडतं, घामाघूम होतं, फिट येते. आपल्याकडे बऱ्याच जणांना ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दिलेली असते, म्हणून ‘आमची साधीच गोळी आहे’ असं धरून चालू नका. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. आजच वाचा.

आणि यातली खरी फसवी गोष्ट अशी की साखर लगेच उतरेलच असं नाही. मूल कित्येक तास व्यवस्थित खेळतं आणि मग रात्री झोपेत साखर पडते. म्हणूनच अशा मुलाला हॉस्पिटलमध्ये रात्रभर, बरेचदा पूर्ण दिवस ठेवून घेतात आणि साखर तपासत राहतात. तुमच्या घरी तासभर वाट बघितली गेली. गोळ्या सापडल्या म्हणून निभावलं. पुन्हा असा प्रसंग आला, आणि गोळी पोटात गेली की नाही हे नक्की ठरत नसेल, तर ती गेली असंच धरायचं. एकाने दिवाणाखाली शोधावं, दुसऱ्याने मुलीला आणि ती स्ट्रिप घेऊन निघावं. स्ट्रिप विसरू नका. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: कोणती गोळी, किती पॉवरची, किती गेल्या, किती वाजता. भांडुपहून तुम्हाला सर्वांत जवळ चोवीस तास मुलांचे डॉक्टर कुठे असतात ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा, कारण जवळच्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये रात्री ते नसतात. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, परळला वाडिया आहे, पण रात्री एलबीएस रोडला काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहे. ॲम्ब्युलन्ससाठी 108. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, 1800 116 117, चोवीस तास चालू, फोन फुकट. हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाका, सगळ्यांत आधी दिराच्या, कारण अशा वेळी डोकं शांत ठेवून फोन लावणारा बहुधा तोच असतो.

तुमच्या घरात शुगरच्या गोळीइतकीच काळजी सासऱ्यांच्या ब्लडप्रेशरच्या आणि हृदयाच्या गोळ्यांची घ्यायला हवी. अम्लोडिपिन, मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांनी लहान मुलाचं ब्लडप्रेशर आणि नाडी झपाट्याने खाली येऊ शकते. तुमच्या बाळंतपणातल्या लोहाच्या गोळ्या अजून पडल्या असतील तर त्याही बघा. लाल, गुळगुळीत, साखरेचं आवरण असलेल्या त्या गोळ्या मुलांना हमखास गोड वाटतात, आणि लोह जास्त गेलं तर पोटात रक्तस्रावापर्यंत मजल जाते. औषध नाही तरी याच यादीत बसणाऱ्या दोन वस्तू तुमच्या घरी नक्की असणार: देव्हाऱ्यातला कापूर आणि कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या. कापराच्या थोड्याशा वड्यांनीही लहान मुलाला फिट येते. देव्हारा बहुधा खालीच असतो, आणि आपण आरतीच्या वेळी मुलीला कौतुकाने तिथेच बसवतो.

औषधं ठेवायची कुठे, याआधी कुठे नको ते बघू. तुमच्या तिन्ही जागा चुकीच्या आहेत. फ्रीजच्या मागून आणि बाजूने सतत गरम हवा निघते आणि ती वर जाते. तुम्हाला वाटतं उंच आहे म्हणून बरं, पण आत गोळ्या तापतात. शिवाय अडीच वर्षांची मुलगी उद्या साडेतीनची होईल, आणि फ्रीजशेजारी खुर्ची, स्टूल किंवा वॉशिंग मशीन असणारच. उंचीवर भिस्त ठेवू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीत एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूने कुकरची वाफ. बहुतेक स्ट्रिपवर ‘30 अंशांखाली ठेवा, प्रकाश आणि ओलाव्यापासून दूर’ असं छापलेलं असतं. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये आपल्या घरातला पारा त्याच्या वरच असतो, आणि जूनपासून चार महिने हवा इतकी दमट असते की मिठाची बरणीही ओलसर होते. ॲस्पिरिनला ओल लागली की ती विघटते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागतो. सासऱ्यांना ती रोज असणार. स्ट्रिप फोडताना असा वास आला तर ती गोळी घेऊ नये. वास न येताही गोळीची ताकद कमी झालेली असू शकते, हे त्याहून वाईट. बाथरूममधलं आरशामागचं कपाट परदेशी मालिकांत शोभतं. मुंबईत तिथे साबणाशिवाय काही ठेवू नये.

तुमच्या घरात लोखंडी कपाट आहे का? गोदरेजचं असो वा कोणाचं, ज्याच्या आत वेगळी किल्ली असलेला लॉकर असतो ते. बहुतेक मराठी घरांत असतं, आणि बहुतेक घरांत त्याच्या लॉकरमध्ये दोन-चार दागिने, एलआयसीची कागदपत्रं आणि जुने फोटो असतात. त्या लॉकरचा एक कप्पा औषधांना द्या. तिथे उजेड नाही, वाफ नाही, आणि मुलीच्या हाताला कुलूप आहे. फक्त दोन गोष्टी बघा. एक, कपाट बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकलेलं नको. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि कपाटाची मागची बाजूही दमटते. आतल्या भिंतीला लावा, नाहीतर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दुसरं, डांबराच्या गोळ्या त्या कप्प्यात नकोत, त्यांचा वास औषधांना लागतो. ओल शोषायला औषधांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण त्या कप्प्यातच राहू द्या, मुलीला खेळायला देऊ नका.

कपाटाची किल्ली कपाटालाच लटकत असेल तर कुलपाला काही अर्थ उरत नाही, आणि निम्म्या घरांत ती तशीच लटकत असते.

म्हणून सांगते, किल्ली सासूबाईंकडे द्या. तुमच्या भांडणाचं मूळ कुलपात नाहीये. सुनेने येऊन घराच्या रचनेवर बोट ठेवलं, तेही आवाज चढलेला असताना, हे त्यांना लागलंय. ‘आम्ही तीन पोरं वाढवली’ या वाक्याचा अर्थ औषधांशी फारसा नाही. तुम्ही त्यांना असं म्हणून बघा: ‘आई, बाबांच्या गोळ्या तुम्हालाच पाठ आहेत. मला दोनदा गोंधळ होतो. लॉकरची किल्ली तुमच्याकडे ठेवा, सकाळ-संध्याकाळ तुम्हीच काढून द्या.’ आणि ही बतावणी नाही. औषधांना घरात एकच मालक हवा, हे मी केमिस्टच्या काउंटरवर इतकी वर्षं उभी राहून शिकले. ज्या घरात सगळेच काढतात आणि सगळेच ठेवतात, त्या घरात एखादी गोळी दोनदा घेतली जाते आणि दुसरी विसरली जाते. सासूबाईंना स्वतःची औषधं सांभाळता येतात, तर नवऱ्याचीही येतील. वय झाल्यावर घरातली एकेक सूत्रं हातातून जात असतात. त्यातलं एक तुम्ही परत देताय. उगाच वाकून नमस्कार करायची गरज नाही, सरळ बोला.

डुप्लिकेट किल्ली मात्र हवी. सासूबाई भाजीला गेल्या आणि किल्ली कनवटीला, असं होता कामा नये. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या गोळ्या देतात त्यांचा एक दिवसही चुकवायचा नसतो, स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, गुठळी होऊ शकते. दुसरी किल्ली तुमच्या नवऱ्याच्या चावीच्या जुडग्यात, नाहीतर दरवाज्याच्या चौकटीवर खिळ्याला.

आता सासऱ्यांचं म्हणणं. छातीत दुखल्यावर किल्ली शोधायची का, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला ‘नाही’ हेच उत्तर आहे. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी कुलपाबाहेरच राहायला हवी. तसंच कोणाला दमा असेल तर पंप, आणि सासूबाईंची साखर अचानक उतरली तर द्यायची ग्लुकोज पावडर. एवढ्या तीनच वस्तू. त्यांच्यासाठी चेन असलेलं एक छोटं पाऊच घ्या आणि सासऱ्यांच्या पलंगाजवळ, ते झोपून हात वर करतील तेव्हा त्यांच्या हाताला लागेल पण खाली उभ्या मुलीला पोचणार नाही अशा उंचीवर, भिंतीला हुक लावून टांगा. मुलगी पलंगावर चढून किती वर पोचते ते आधी बघून घ्या. उशाशी आता ठेवताय तसं नको. सदऱ्याच्या खिशातही नको, कारण तो सदरा खुंटीला लागला की खिसा नेमका मुलीच्या तोंडासमोर येतो, आणि कधीतरी मशीनमध्येही जातो. बाहेर जाताना मात्र पाऊच सोबत घ्यायचं, आल्यावर पुन्हा हुकाला. सॉर्बिट्रेट स्ट्रिपमध्येच राहू द्या, सोयीसाठी गोळ्या सोडवून डबीत ठेवू नका. त्यांना काचेच्या छोट्या बाटलीतल्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या त्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून. ते औषध हवेत उडून जातं, प्लॅस्टिकच्या डबीत त्याची ताकद जाते. आणि ही गोळी बसून घ्यायची, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडण्याची भीती. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर 108 लावायचा, दुसऱ्या गोळीची वाट बघत बसायचं नाही.

सात-आठ गोळ्या म्हटल्यावर सात दिवसांच्या खणांचा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा मोह होणार. केमिस्टकडे मिळतो, सोयीचा असतो, मी विकलेही भरपूर. पण सगळ्याच गोळ्या त्यात चालत नाहीत. रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रानची कॅप्सूल स्ट्रिपमधून फक्त घेतानाच काढायची असते, तिला ओल सोसत नाही. फिट्सवरच्या सोडियम व्हॅल्प्रोएटचंही तेच. थायरॉइडच्या गोळ्या बाटलीत येतात, त्या त्याच बाटलीत, आतली पुडी न काढता. बाकीच्या गोळ्या भरायच्या तर आठवड्याभराच्याच, महिन्याच्या नकोत. पावसाळ्यात तर स्ट्रिपच कात्रीने चौकोनी तुकड्यांत कापून, गोळी न सोडवता, खणात टाकणं मला जास्त पटतं. थोडी बोटं दुखतात. आणि तो डबाही लॉकरमध्येच जायला हवा, कारण खुळखुळणारा, रंगीत झाकणांचा डबा म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने खेळणंच.

तुकड्यांवरून आठवलं. तुमचा केमिस्ट दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कापून देतो ना? बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेकदा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक कधी तुमच्याकडे येतं, कधी दुकानात राहतं. तुमच्याकडे आलं तर गोळ्या दुसऱ्या टोकाकडून फोडायच्या, तारीख शेवटपर्यंत शाबूत राहते. नाही आलं तर दुकानातच मोबाईलवर त्या टोकाचा फोटो काढून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. 08/2026 असं छापलं असेल तर ऑगस्ट संपेपर्यंत ते औषध चालतं. महिना लागला की लगेच फेकायचं नसतं.

दुसरी एक भानगड ब्रँडची. या महिन्यात एका कंपनीचं औषध मिळालं, पुढच्या महिन्यात दुकानात नव्हतं म्हणून दुसऱ्याचं दिलं, किंवा जनऔषधीतून आणलं. नाव वेगळं, आतलं औषध तेच. जुन्या स्ट्रिपमध्ये चार गोळ्या शिल्लक असतात, आणि माणूस ब्लडप्रेशरच्या दोन-दोन गोळ्या घेऊन चक्कर आली म्हणून दवाखान्यात जातो. नवी स्ट्रिप लॉकरमध्ये ठेवण्याआधी मागचे घटक जुन्या स्ट्रिपशी ताडून बघायचे. तेच असतील तर जुनी संपेपर्यंत नवी रबरबँड लावून मागे. आणि एका कागदावर दोघांची औषधं घटकांच्या नावाने लिहून, मात्रा आणि वेळ टाकून, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दीर ते काम अर्ध्या तासात करेल. त्यालाही यात ओढून घ्या.

दिराचं नाव निघालं म्हणून एक सांगते, तुमच्या पत्रात तसं काही नाही तरी. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारख्या कडक वेदनाशामक गोळ्या घरात असतील तर त्या कुलपात हव्यात त्या फक्त मुलीसाठी नव्हे. घरातलं कोणीही खूप खचलेलं, गप्प गप्प झालेलं वाटत असेल तर घरात औषधांचा साठा कमी ठेवा, महिन्याऐवजी आठवड्याचं आणा, आणि त्या माणसाशी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, मराठीत बोलता येतं.

इन्सुलिन. न उघडलेलं फ्रीजमध्ये, 2 ते 8 अंशांत. दारातल्या अंड्यांच्या खणात बहुतेक घरी ठेवतात, पण दार दिवसातून शंभरदा उघडतं. मधल्या फळीवर ठेवा, मागच्या गार पत्र्याला टेकू न देता, आणि फ्रीझरजवळ तर नकोच. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. चालू असलेलं पेन किंवा बाटली बाहेर ठेवता येते, साधारण चार आठवडे, पण 30 अंशांच्या आत. काही पेन चालू केल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका असं कंपनी सांगते, तेव्हा पाकिटातला कागद वाचा किंवा डॉक्टरांना विचारा. मे महिन्यात बाहेर ठेवायचं तर माठाशेजारी, ओल्या मातीच्या भांड्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. उघडलेली तारीख पेनवर मार्करने लिहा. झाकण लागणाऱ्या डब्यात घालून त्यावर ‘आईचं इन्सुलिन’ असं ठळक लिहून ठेवलं की दीर तो डबा लोणचं समजून मागे ढकलणार नाही. मुलगी फ्रीज उघडते का? उघडत असेल तर दाराला लावायची चिकटणारी पट्टी मिळते, स्वस्तात.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. जाड प्लॅस्टिकची, झाकण घट्ट बसणारी रिकामी बाटली घ्या, लिक्विड डिटर्जंटची वगैरे, आणि त्यात साठवा. तुमचा कचरा पुढे कोणीतरी हाताने वेगळा करतं.

घरात पडलेल्या जुन्या औषधांचं काय करायचं तेही सांगते, कारण फ्रीजवरचा तो डबा रिकामा करताना तुम्हाला निम्मं सामान मुदत संपलेलं मिळेल. डोळ्यांचे थेंब उघडून महिना झाला असेल तर टाका. मुलीचं पाणी घालून बनवलेलं अँटिबायोटिक सिरप ठरलेले दिवस संपल्यावर टाका, बहुतेकांना आठवडाच असतो. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या ‘पुढच्या वेळी होतील’ म्हणून ठेवू नका. त्यांच्या स्ट्रिपवरची उभी लाल रेघ सांगते की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही. आणि कामाच्या मावशींना ‘घेऊन जा, तुझ्या नवऱ्याला लागतील’ म्हणून देऊ नका. चांगुलपणा म्हणून देतात लोक, मला ते बघवत नाही. आपल्याला मुदत संपलेली गोळी नको, तर ती त्यांनी का खावी?

मुदतबाह्य औषधं आणि सुया हा घरगुती घातक कचरा आहे, 2016 च्या घनकचरा नियमांत तसं लिहिलं होतं. तो ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा असतो. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये सॅनिटरी आणि अशा विशेष कचऱ्यासाठी वेगळी गाडी सुरू केली आहे, पण त्यासाठी सोसायटीला नाव नोंदवावं लागतं. तुमच्या सेक्रेटरींना विचारा, नोंद झाली नसेल तर पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढा. बेसिनमध्ये किंवा संडासात सगळी औषधं ओतून देऊ नका, ती सांडपाण्यात जातात. अपवाद ट्रॅमाडॉल, डायझेपाम अशा थोड्या औषधांचा. चुकून कोणाच्या हाती पडली तर फार घातक म्हणून केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये 17 औषधांची यादी करून ती फ्लश करायला सांगितलं आहे.

मुलीसमोर एक शब्द घरातून हद्दपार करा. तिला सिरप देताना ‘घे, चॉकलेट आहे’ म्हणायचं नाही. आजोबा गोळी घेत असताना ती शेजारी बसून आ करते, असं बऱ्याच घरी चालतं आणि सगळे हसतात. सासऱ्यांना सांगा, गोळ्या तिच्यासमोर नका घेऊ. हे ते ऐकतील. नातीसाठी आजोबा काहीही करतात.

गणपतीचं. गावच्या घरी लोखंडी कपाट असेल-नसेल, म्हणून कुलूप लागणारी छोटी बॅग घेऊन जा आणि ती पडवीत न ठेवता आतल्या खोलीत उंच खुंटीला. तुमची औषधं सांभाळाल, पण मुंबई-पुण्याहून आलेल्या काकू-आत्यांच्या पर्स जमिनीवर पडलेल्या असतात आणि त्यांत प्रत्येकीची स्ट्रिप असते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना मिळून सांगा. हे काम सासूबाईंनीच करावं, त्या सांगतील तर कोणी तोंड वाकडं करणार नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, ट्रेनच्या बाकाखाली नको आणि गाडीने जाणार असाल तर डिकीत तर अजिबात नको. थर्मासच्या पिशवीत बर्फ घालणार असाल तर तो इन्सुलिनला थेट लागू देऊ नका, मध्ये फडकं गुंडाळा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची औषधं जास्त घ्या, कोकणात पावसात दरड कोसळून गाड्या रखडल्या तर तालुक्याच्या दुकानात सासऱ्यांची नेमकी तीच गोळी मिळेल याची खात्री नाही.